झोपेचे औषध आणि छातीतले पाणी

“छातीत पाणी झाले आहे,” असे डॉक्टरांनी सांगितले की घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. हे पाणी फुप्फुसाच्या आत नव्हे, तर त्याच्या बाहेरच्या दोन पातळ पडद्यांमध्ये साचते. आपल्याकडे त्याचे एक मोठे कारण क्षयरोग. क्षयाचा इलाज सरकारी दवाखान्यात मोफत होतो आणि नेमाने औषधे घेतली तर रोगी बरा होतो.

कर्करोगामुळे साचणाऱ्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. गाठीतून निघणाऱ्या द्रव्यांमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या गळक्या असतात. सुईने पाणी काढले तरी ते पुन्हा भरते. ही गळतीच रोखता येईल काय, याचा शोध घेताना संशोधकांची नजर एका जुन्या, बदनाम औषधाकडे वळली. त्याचे नाव थॅलिडोमाइड.

१९५७ साली पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध म्हणून बाजारात आले. ते अगदी निर्धोक आहे, अशी जाहिरात झाली. गरोदर स्त्रियांनीही मळमळीवर ते घेतले. पुढे हातपाय खुरटलेली बालके जन्माला येऊ लागली. जगभरात अशी दहा हजारांहून अधिक मुले जन्मली. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत औषध मागे घेतले गेले. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी कंपनीच्या दबावाला न जुमानता पुरावा मागितला आणि परवानगी रोखून धरली. त्यामुळे तेथील असंख्य बालके वाचली.

१९९४ साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवून दिले की हे औषध नव्या रक्तवाहिन्या वाढू देत नाही. गर्भातील बाळाला जे घातक, तेच गाठीच्या विरुद्ध कामी येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली. २००६ साली अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. कर्करोगाने छातीत होणाऱ्या पाण्यावरही त्याचे प्रयोग झाले आहेत. परंतु तो अजून नेहमीचा उपचार झालेला नाही. या औषधाने रक्तात गुठळ्या होऊ शकतात, हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात. गर्भवतीने तर त्याला स्पर्शही करू नये.

तेव्हा माता-भगिनींनो, बांधवांनो, दम लागतो, झोप येत नाही म्हणून दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणू नका. धाप लागलेल्या माणसाचा श्वास अशा गोळीने आणखी मंदावू शकतो. आधी छातीचा फोटो काढा, पाण्याची तपासणी करून घ्या. आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका : हे औषध कशाचे? याचा धोका काय? केल्सीबाईंनीही हेच विचारले होते.