एक ‘काफ’ आणि आमचीं अनेक वासरें

इंग्रजींत गाईच्या वासरास ‘काफ’ म्हणतात, एवढें शिकून आमचा विद्यार्थी पुढें सरकतो आणि थोड्याच पानांवर अडखळतो. कारण म्हशीचें पारडूं, हत्तीचा छावा, देवमाशाचें पिलूं हीं सर्व त्या भाषेंत ‘काफ’च. मनुष्याच्या पायाची पोटरी हीहि ‘काफ’; तो शब्द मात्र निराळा असून नॉर्स भाषेंतून आला, असें कोशकार मानतात. हिमनदीच्या कड्यापासून तुटून समुद्रांत पडणारा बर्फाचा खंड हाहि तिचा ‘काफ’. हिमनदी व्याली, असेंच ते लोक म्हणतात.

वाचकांनीं हसूं नये. भात पोटरीस आलें असें म्हणतांना आपल्या मनांत तरी पाय कोठें येतो? वरच्या पानाच्या आवरणांत लोंबी दडून तो भाग फुगतो, त्यास आपण पोटरी म्हणतों. आणि या वेळीं खाचरांतलें पाणी तुटलें तर दाणे पोचट राहतात. संस्कृतांत ‘वत्स’ म्हणजे वासरूं, तसेंच लाडकें मूल; ‘वात्सल्य’ हा शब्द गोठ्यांतूनच माजघरांत आला आहे. ‘पाडा’ म्हटल्यावर ठाण्या-पालघराकडे वस्ती समजतात. आमच्याकडे ‘पाडो’ म्हणजे गाईचा नर.

तळेरे येथें मुंबई-गोवा महामार्गावरून एक रस्ता विजयदुर्गाकडे व दुसरा वैभववाडीवरून गगनबावड्याच्या घाटाकडे फुटतो. त्यामुळें घाटावरची ‘कालवड’ आणि ‘खोंड’ येथें ‘पाडी’ व ‘पाडो’ यांना रोज भेटतात, आणि कोणाचेंहि अडत नाहीं. अडतें तें सरकारी कागदावर. तेथें इंग्रजी ‘काफ’चें एकच भाषांतर ठरलेलें: वासरूं.

गाईम्हशींच्या सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध, म्हणजे ब्रुसेलोसिस रोगाविरुद्ध, 2019 सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. या रोगांत गाभण जनावराचा गर्भ बहुधा शेवटच्या महिन्यांत पडतो. कच्च्या दुधानें किंवा पडलेला गर्भ व वार उघड्या हातांनीं उचलल्यानें मनुष्यासहि दीर्घकाळचा ज्वर जडतो. लस आयुष्यांत एकदांच, आणि ती 4 ते 8 महिने वयाच्या मादीसच टोचावयाची. नरास ती देत नाहींत. लशींतील जंतू जिवंत असल्यानें त्याच्या वृषणांस अपाय होऊं शकतो. गाय असो वा म्हैस, नियम एकच.

आतां ‘वासरांस लस टोचली जाईल’ एवढेंच वाचणारा शेतकरी काय करील? आमच्या शेजारच्या वाडींतील एका गृहस्थांनीं पाडो ओढीत नेला आणि सात महिन्यांची पारडी गोठ्यांतच बांधून ठेवली. पारडी म्हणजे कांहीं वासरूं नव्हे, असें त्यांचें म्हणणें; आणि मराठीच्या दृष्टीनें तें अगदीं बरोबर होतें! पाडो टोचल्यावांचून परत आला. चूक ध्यानांत येईपर्यंत पारडीस नववा महिना लागला होता.

ज्या भाषेंत नर, मादी, गाय, म्हैस यांच्या पिलांस वेगवेगळीं नांवें आहेत, तींतून नेमकी सूचना लिहिणें इंग्रजीपेक्षां सोपें असावयास हवें. पुढील खेपेस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आम्हीच खडूनें लिहिणार आहोंत: “चार महिने पुरे झालेल्या व आठ महिने न उलटलेल्या गाईच्या पाड्या आणि म्हशीच्या पारड्या आणाव्या. नर आणूं नयेत.”