सिरियल केबल आणि पुटी : दुरुस्तीच्या धंद्यात एक नवी सर्व्हिस

कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू करताय? मग हे शिकून घ्याच. ग्राहकाच्या ऑफिसातला स्विच किंवा राउटर नेटवर्कवरून उघडत नाही. त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. बरेच जण सरळ 'नवीन घ्या' सांगतात. पण त्याला कन्सोल पोर्ट असेल, तर सिरियल केबलने तुमचा लॅपटॉपच त्याचा स्क्रीन-कीबोर्ड होतो. बिघाड सेटिंगचा असेल तर ग्राहकाचे पैसे वाचतात आणि तुम्हाला कामाचे पैसे मिळतात.

काय लागतं? यूएसबी-सिरियल केबल, त्या डिव्हाइसची कन्सोल केबल आणि पुटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर.

कसं करायचं?
१. केबल लावा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली कॉम नंबर बघा. दिसत नसेल तर ड्रायव्हर टाका.
२. पुटीत 'सिरियल' निवडून तो नंबर आणि स्पीड भरा. सिस्कोच्या बहुतेक स्विचला ९६०० चालतो. डेटा बिट ८, स्टॉप बिट १, पॅरिटी आणि फ्लो कंट्रोल दोन्ही 'नन'. पुटीत फ्लो कंट्रोल आधीपासून चालू असतो, तो आठवणीने बदला.
३. 'ओपन' करून एंटर दाबा.

अडलात तर?
अक्षरं वेडीवाकडी आली तर स्पीड चुकलाय. ११५२०० लावून बघा. काहीच येत नसेल तर यूएसबी केबलच्या ९ पिनी टोकाची २ आणि ३ नंबरची पिन जोडा आणि टाइप करा. अक्षरं परत दिसली तर ही केबल ठीक आहे, दोष पुढे शोधा. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे असतील तर नल मोडेम केबल घ्या. तिच्यात पाठवायची आणि घ्यायची तार उलटसुलट जोडलेली असते.

सावधान! बोर्डावरच्या उघड्या पिनांना ही केबल लावू नका. तिथे बहुधा ३.३ व्होल्ट असतात, आरएस-२३२ चा व्होल्टेज जास्त असतो. बोर्ड जळला तर भरपाई तुमच्या खिशातून! त्यासाठी टीटीएल केबल वेगळी मिळते.

धंद्याचा नियम : मालकाची लेखी परवानगी घ्या, व्हिजिट चार्ज आधी सांगा आणि काहीही बदलण्याआधी जुनी सेटिंग सेव्ह करा. पुटीच्या लॉगिंगमध्ये स्क्रीनवरचं सगळं फाइलमध्ये उतरतं. काय केलं ते दाखवता आलं की ग्राहक पुन्हा तुम्हालाच फोन करतो.