गहू सुटला, प्रथिनांचं काय?

घरातली हिंगाची डबी उलटी करून त्यावरचे घटक वाचा. शुद्ध हिंग त्यात थोडाच. बाकी डिंक आणि पीठ, तेही बऱ्याचदा गव्हाचं. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाने पोळी सोडली तरी पोट बिघडतंच, त्याचं कारण कधीकधी या फोडणीत असतं.

गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरचे मखमलीच्या लवेसारखे रसांकुर झिजून सपाट होतात. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय १९३०च्या दशकातच आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि तो संशय बळावला.

दूध पचवणारं लॅक्टेज हे विकर याच रसांकुरांच्या शेंड्याकडे असतं. म्हणून निदान होतं तेव्हा अनेकांना दूधही सोसत नाही. गहू गेला, दूध गेलं, आणि अस्तर नव्याने बांधायला प्रथिनं तर हवीतच! पण हे दुधाचं बंधन बहुधा तात्पुरतं असतं. अस्तर भरून आलं की दूध पुन्हा पचू लागतं; मोठ्यांमध्ये त्याला वर्षाहून अधिक काळही लागतो. तोवर दही अनेकांना चालतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली थोडी साखर आधीच खाल्लेली असते.

साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. इथे घोटाळा होतो तो साबुदाण्याने. शंभर ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रथिन नसतं. ज्वारीत मात्र सुमारे १० ग्रॅम, म्हणजे जवळपास गव्हाइतकंच, आणि राजगिऱ्यात त्याहून जास्त. ज्वारीत लायसिन कमी पडतं, ते डाळ भरून काढते. भाकरी आणि पिठलं ही जोडी म्हणूनच मला महागड्या ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटांपेक्षा कितीतरी शहाणी वाटते. सुरुवातीला सालाशिवायच्या मुगाचं घट्ट वरण आणि चालत असतील तर अंडी. चणे-राजमा नंतर, भिजवलेलं पाणी फेकून.

ज्वारी दळताना गिरणीवाल्याला विचारा, या जात्यावर आधी गहू दळला होता का? थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो.

आणि नुसत्या संशयावरून आजच गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केलेली तपासणी आजार असूनही ‘नाही’ सांगू शकते.