लुईस कॅरल यांची ९८,७२१ पत्रं: आकडा खरा, पण अर्थ वेगळा

'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणाऱ्या लुईस कॅरल यांनी आयुष्यात ९८,७२१ पत्रं लिहिली, असं तुमच्याही वाचनात आलं असेल. आकडा खरा आहे, पण तेवढी पत्रं त्यांनी लिहिलेली नाहीत.

कॅरल हे टोपणनाव. खरं नाव चार्ल्स लटविज डॉजसन. ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचे. १ जानेवारी १८६१ पासून त्यांनी पत्रांची नोंदवही ठेवली. आलेलं असो वा पाठवलेलं, प्रत्येक पत्राला क्रमांक मिळायचा. १८९८ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा शेवटचा क्रमांक होता ९८,७२१. म्हणजे ही आवक-जावक मिळून झालेली बेरीज आहे. तरीही ३७ वर्षं रोज सरासरी सात पत्रांची ये-जा हा व्याप मोठाच!

मग ही पत्रं गेली कुठे?

ती नोंदवही आज उपलब्ध नाही. त्यांच्या निधनानंतर बरेच कागद नष्ट झाले. डायरीच्या १३ वह्यांपैकी ९ उरल्या. ज्या ॲलिस लिडेलला त्यांनी ही गोष्ट सांगितली, तिला लहानपणी आलेली त्यांची पत्रं तिच्या आईने फाडून टाकली. हे ॲलिसनेच उतारवयात सांगितलं.

१९७९ मध्ये अभ्यासक मॉर्टन कोहेन यांनी कॅरल यांची सुमारे १,३०० पत्रं दोन खंडांत प्रसिद्ध केली. हीसुद्धा निवडच होती.

उरलेल्या पत्रांत काय आहे?

मुलांना लिहिलेली पत्रं म्हणजे धमाल. काही आरशात धरूनच वाचता येतात, काही शेवटच्या शब्दापासून उलटी वाचावी लागतात, तर काही पोस्टाच्या तिकिटाएवढी चिमुकली. प्रकाशक मॅकमिलन यांना लिहिलेल्या पत्रांत मात्र छपाई, कागद आणि चित्रं यांबद्दल काटेकोर सूचना आहेत. १८६५ मध्ये चित्रकार टेनिएल यांना छपाई पसंत पडली नाही, म्हणून 'ॲलिस'ची पहिली आवृत्ती मागे घेण्यात आली होती.

पत्रं कशी लिहावीत यावर कॅरल यांनी १८९० मध्ये छोटी पुस्तिकाही काढली. समोरच्याला राग येईल असं वाटणारं पत्र एक दिवस तसंच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वाचून बघा, हा त्यातला सल्ला आज कॉमेंट टाकतानाही उपयोगी पडेल.

यावरून माणूस कळतो का?

अर्धवटच कळतो. कारण कुठलं पत्र टिकणार, हे लिहिणारा नाही, तर ते जपणारा ठरवतो. प्रसिद्ध लेखकाने लहानपणी पाठवलेलं गमतीचं पत्र घरात ठेवा म्हणून जपलं जातं. कॅरल यांच्याकडे १८८० च्या दशकात कॉलेजच्या कॉमन रूमचा कारभार होता. अशा कामांची रोजची पत्रं जपून ठेवायचं कुणाला फारसं कारण नसतं. त्यामुळे उरलेला ढीग पाहून 'हा माणूस फक्त लहान मुलांनाच पत्रं लिहायचा' असं वाटू शकतं. नोंदवहीतला आकडा मात्र त्याहून कितीतरी मोठ्या पत्रव्यवहाराकडे बोट दाखवतो.

लहान मुलींशी असलेल्या त्यांच्या मैत्रीबद्दल आज प्रश्न विचारले जातात आणि ते विचारणं रास्तच आहे. पण डायरीतलं जून १८६३ मधलं एक पान कापलेलं आहे. लिडेल कुटुंबाशी त्यांचा दुरावा आला तो नेमका याच सुमारास. त्या पानावर काय होतं, याबद्दल ठाम निकाल देणाऱ्या पोस्ट फिरत असतात. नसलेल्या पानाने गुन्हाही सिद्ध होत नाही आणि निर्दोषपणाही. अशी पोस्ट दिसली तर आधी एवढंच विचारा: हे उरलेल्या कागदांवरून सांगितलंय की हरवलेल्या?