पंचांचा कौल आणि बंद दार



कोठीतील या शाळेत न्यायाविषयी बोलण्याचा माझा अधिकार भाषाशिक्षकाचा आहे, वकिलाचा नव्हे. परंतु ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण मुलांना आम्हीच शिकवितो. त्या पाचांच्या वर्तनाविरुद्ध तक्रार आली, तर ती केव्हा ऐकावी?

१९०८ साली मुंबईत लोकमान्य टिळकांना ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविले. १९५९ साली नानावटी खटल्यात आरोपी आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरला. सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल पुराव्याशी विसंगत वाटला. तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ अन्वये त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कायम केली. तेथे तपासला गेला तो कौल, पंचांचे वर्तन नव्हे. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. म्हणून वर्तनाच्या प्रश्नासाठी अमेरिकेकडे वळावे लागते.

तेथे कौलानंतर चौकशी हवी असल्यास तक्रार नेमकी, विश्वसनीय आणि सामान्यतः बाहेरील प्रभावाविषयी असावी लागते. रेमर प्रकरणात एका ज्यूररला लाभाचे आमिष सुचविले गेले होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना ऐकून चौकशी करण्यास फर्माविले. उलट १९८७ च्या टॅनर प्रकरणातील, ज्यूररांच्या मद्यपानाची तक्रार अंतर्गत बाब ठरली. दार सदैव उघडे राहिले, तर हरलेला पक्ष पंचांचा पिच्छा पुरवील आणि आत कोणी मोकळेपणे बोलणार नाही, ही त्यामागील भीती. तरीही २०१७ साली पेन्या-रॉड्रिगेझ प्रकरणात अपवाद मान्य झाला: वांशिक पूर्वग्रहावरून दोषी ठरविल्याचे ज्यूररच्या स्पष्ट उद्गारांतून दिसले, तर ते दार उघडावे लागते.

हा भेद मला उशिरा उमगला. सहामाही परीक्षेनंतर एक विद्यार्थी उत्तरपत्रिका घेऊन आला. ‘‘सर, गुणांबद्दल तक्रार नाही. पुरवणीवर लाल शाईची एकही खूण नाही,’’ तो म्हणाला. ‘‘गुण बदलत नसतात,’’ असे सांगून मी त्याला परत पाठविले. त्याची तक्रार निकालाविषयी नव्हतीच. निकाल कसा लागला, याविषयी होती. ती पुरवणी पाहायला पाच मिनिटे लागली असती.

कौलाचा मान राखावा, हे खरेच. परंतु पुरवणी वाचली गेली नाही, असे कोणी खूण दाखवून सांगितले, तर ती उघडून पाहण्यानेच तो मान राहतो.