मोडींत निघालेला कळफलक आणि मोडी लिपि

जुन्या कागदपत्रांचे संग्राहक दुकानांतील यंत्रांकडे सहसा लक्ष देत नाहींत. परंतु ज्या कळफलकाचें वर्णन येथें देत आहों, तो रोकड मोजणाऱ्या यंत्राचा, म्हणजे दुकानदार ज्यास कॅश रजिस्टर म्हणतात त्याचा, असूनही मोडी कागदांच्या नकला करणारांच्या फार उपयोगाचा आहे, असें आमचें मत झालें आहे. पुण्याच्या जुन्या बाजारांतून आमच्या एका स्नेह्यांनीं तो वजनावर विकत घेतला. यंत्राची पेटी, पावती छापण्याचा भाग व गल्ला हीं अगोदरच वेगळीं झालेलीं होतीं. हातीं आला तो केवळ फलक. अशा वस्तूची ओळख कशी पटवावी आणि पुढें तिचा उपयोग काय करावा, हें क्रमानें सांगतों.

(१) ओळख

पोथीस पुष्पिका नसली म्हणजे आपण कागद, अक्षरवळण व अंतर्गत उल्लेख पाहतों. येथेंही तीच रीत लागू पडते. पहिला प्रश्न असा कीं, फलक यांत्रिक आहे कीं विजेचा? रोकड-यंत्राचें पेटंट अमेरिकेंतील डेटन गांवच्या जेम्स रिटी यानें १८७९ सालीं मिळविलें. पुढें १८८४ सालीं जॉन पॅटरसन यानें तो धंदा हातीं घेऊन त्यास नॅशनल कॅश रजिस्टर हें नांव दिलें. त्या काळच्या यंत्रांची कळ म्हणजे एका तरफेचें टोंक असे. अशा यंत्राच्या कळांवर आणे-पै कोरलेले असतील, तर तें १ एप्रिल १९५७ पूर्वींच्या चलनासाठीं घडविलेलें होय. ‘नवे पैसे’ असा उल्लेख असेल, तर तें १९५७ ते १९६४ या अवधींतील चलनास अनुसरून आहे. असलें यंत्र मिळाल्यास तें कोणीं मोडूं नये. तो स्वतंत्र ऐतिहासिक ऐवज आहे व त्याचें स्थान वस्तुसंग्रहालयांत आहे.

आमच्यासमोरील फलकांत तरफा नाहींत. प्रत्येक कळीखालीं विजेचें एक लहान बटण असून तीं सर्व एका पाटीवर डाखांनीं जोडलेलीं आहेत. कळांवरील लेख असे: सबटोटल, व्हॉइड, नो सेल, ००. पैकीं जोडशून्याची कळ कांहीं हिशेबयंत्रांतही आढळते, म्हणून ती निर्णायक नव्हे. ‘नो सेल’ ही मात्र विक्री न होतां केवळ गल्ला उघडण्याची कळ असल्यामुळें रोकड-यंत्राचीच खूण होय. फलकाच्या कडेस किल्लीचें कुलूप असून त्यावर ‘एक्स’ व ‘झेड’ हीं अक्षरें आहेत. किल्ली ‘एक्स’वर असतां दिवसाची बेरीज नुसती वाचतां येते, ‘झेड’वर ती वाचून पुसलीही जाते.

आतां कालनिर्णय. पाटीवरील काळ्या चकत्यांवर, म्हणजे चिपांवर, बहुधा चार अंकी संख्या छापलेली असते. तिचे पहिले दोन अंक इसवी सनाचे व पुढील दोन त्या वर्षांतील आठवड्याचे. ८८३१ म्हणजे १९८८ सालचा एकतिसावा आठवडा. परंतु शक, फसली व सुहूर यांचा घोटाळा ज्यांनीं कधीं सोडविला आहे, त्यांस येथें सावध राहण्याचें कारण लगेच पटेल. इंटेल कंपनीची ८०४८ ही चिप १९७६ सालीं निघाली. ८०४९ ही तिच्याच कुळांतली. तेव्हां चिपेवर ८०४९ दिसल्यास ती १९८० सालची मिति नसून चिपेचें नांव आहे. अनेक चिपांच्या मित्या ताडून पाहाव्या. त्यांतील सर्वांत अलीकडची मिति ही फलकाची पूर्वमर्यादा, कारण त्यापूर्वीं तो जुळविला गेलेला असणें शक्य नाहीं.

कळीची टोपी उपटली असतां खालीं फुलीच्या आकाराचा खुंट दिसतो. ही घडण चेरी कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणली. पुढें इतरांनींही तिचें अनुकरण केल्यामुळें केवळ फुलीवरून कर्ता ठरवूं नये. बटणाच्या अंगावरील नांव वाचावें. टोपी दुहेरी आहे: खालीं बैठक, वर पारदर्शक झांकण, व दोहोंमध्यें कागदाची चिठी. दुकानदारास माल बदलला कीं चिठी बदलतां यावी म्हणून ही सोय. आमच्या कामीं हीच सोय मोलाची ठरते.

(२) पुनरुपयोग

युनिकोड या संगणकीय वर्णसंकेतांत मोडी लिपीस २०१४ सालीं स्थान मिळालें. त्यांत मोडीचीं ७९ चिन्हें आहेत: १४ स्वर, ३४ व्यंजनें, १० अंक व उरलेलीं मात्रा-दंडादि. पाव, अर्धा, पाऊण, तसेंच आणे दाखविणारीं सोळांश चिन्हें ज्यांत आहेत, असा १० चिन्हांचा दुसरा संच २००९ मध्येंच आला होता. एकूण ८९. संगणकाच्या साध्या फलकावर अक्षरांच्या सुमारें ४७ कळा असतात. म्हणून जवळजवळ निम्मीं चिन्हें शिफ्टची कळ धरून काढावीं लागतात. आमच्या फलकावर १२८ कळा आहेत. प्रत्येक चिन्हास स्वतंत्र कळ देऊनही ३९ उरतात.

यांत सोयीपेक्षां पुराव्याचा प्रश्न मोठा आहे. मोडी लेखनांत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद बहुधा पाळलेला नसतो. नकलनवीस कागद वाचतां वाचतां बाळबोधींत उतरवितो, तेव्हां आजच्या नियमांप्रमाणें शुद्ध करीत जातो, आणि मूळ लेखकानें काय लिहिलें होतें तें नाहींसें होतें. पहिली नक्कल मोडी चिन्हांतच करून शेजारीं बाळबोध दिल्यास पुढच्या वाचकास दोन्ही ताडून पाहतां येतात. अक्षरांचें वळण व जोडणी मात्र अशा नकलेंत उतरत नाहीं. त्यासाठीं छायाचित्र हवेंच.

रीत अशी. प्रथम फलकाचीं दोन्ही बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. मूळ चिठ्या कळांच्या क्रमानें अंक घालून पाकिटांत ठेवाव्या. पाटीस भोंक पाडूं नये, तारा कापूं नयेत. डाख सोडवावा, म्हणजे पुढें कोणास फलक पूर्ववत् करतां येईल. कळांची विजेची मांडणी ८ ओळी व १६ स्तंभ अशी आहे. ती डोळ्यांस दिसणाऱ्या मांडणीहून निराळी असूं शकते. म्हणून एकेक कळ दाबून, मल्टिमीटरनें कोणत्या ओळीचा कोणत्या स्तंभाशीं संबंध जुळतो तें पाहावें व कोष्टक करावें. प्रत्येक कळीस डायोड असेल, तर प्रवाह एकाच दिशेनें जातो, तीही दिशा नोंदावी. डायोड नसल्यास चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबतां चवथीही दाबल्याचा भास होतो. एकेक चिन्ह लिहिणारास त्यापासून उपद्रव नाहीं.

ओळी व स्तंभ मिळून तारा २४ झाल्या. २०२१ मध्यें निघालेल्या रास्पबेरी पाय पिको या लहान पाटीस अशा २६ जोडण्या आहेत. म्हणजे ती पुरते. ती ३.३ व्होल्टवर चालते, म्हणून ५ व्होल्टची जुनी नियंत्रक चिप मंडलांत ठेवूं नये. क्यूएमके हा मोफत मिळणारा कार्यक्रम पिकोंत भरून वरील कोष्टक त्यांत उतरवावें. साधा कळफलक संगणकास अक्षर पाठवीत नाहीं, कळीचें स्थान कळवितो. मोडीसाठीं चिन्हाचा युनिकोड क्रमांक धाडण्याची व्यवस्था याच कार्यक्रमांत आहे. लिनक्सवर ती सहज चालते. मोडीचा विभाग षोडशमान पद्धतीनें ११६०० पासून सुरू होतो. सोळा आण्यांचें कोष्टक ज्यांस पाठ आहे त्यांस ही गणना परकी वाटूं नये. अक्षरें दिसण्यास नोटो सान्स मोडी हा टंक संगणकावर असावा.

चिन्हांची मांडणी वर्णमालेच्या क्रमानेंच करावी असें आम्ही सुचवितों. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत पांच वर्ग पांच ओळींत, अंतस्थ व ऊष्म त्यांखालीं, स्वर व मात्रा डावीकडे, अंक व आणे उजवीकडे. शिक्षाग्रंथांनीं ठरविलेला हा क्रम प्रत्येकास तोंडपाठ असल्यामुळें बोटांस वेगळें शिक्षण द्यावें लागत नाहीं. उरलेल्या कळांवर ‘श्री’, ‘छ’, ‘बितपशील’ असे वारंवार येणारे शब्द बसवावे.

मोडी वाचणारे थोडे आणि दफ्तरांतील रुमाल पुष्कळ, ही स्थिति सर्वांस विदित आहे. भंगारांत असा फलक ज्यांच्या दृष्टीस पडेल, त्यांनीं तो उलगडण्यापूर्वीं कळांवरील लेख व चिपांवरील अंक जसेच्या तसे उतरवून घ्यावे, आणि मग त्यास कामास लावावें, एवढी विनंती आहे.