गिटारचा ॲम्प: नळ्यांचा घ्यावा की चिपचा?

मुलाने किंवा मुलीने इलेक्ट्रिक गिटार घेतली, की पाठोपाठ दुसरा खर्च येतो, तो ॲम्पचा. या गिटारची तार नुसती छेडली तर शेजारी बसलेल्यालाही जेमतेम ऐकू येते. तिला आवाज देतो तो ॲम्पच. पण कोणता घ्यावा, यावर गिटारवादकांत सरळ दोन तट आहेत.

जुना रेडिओ आठवतो?

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ लावल्याबरोबर बोलायचा नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या तापायच्या. पारंपरिक ॲम्पमध्ये तशाच नळ्या असतात. त्यांच्यावर झेपेल त्यापेक्षा जास्त भार पडला, की आवाज फाटतो, पण कानाला गोड लागेल असा. १९६०च्या दशकात मार्शल, फेंडर, व्हॉक्स यांच्या ॲम्पमधून निघालेला हा आवाज पुढे रॉक संगीताची ओळखच बनला. अडचण एकच: ॲम्प मोठ्याने वाजवल्याशिवाय तो नीट खुलत नाही.

डिजिटल मॉडेलिंग ॲम्पमध्ये चिप या नळ्यांच्या वागण्याचे गणित मांडते आणि तोच आवाज हळू आवाजातही देऊ पाहते. १९९८ साली ‘लाइन ६’ कंपनीचा लाल, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा ‘पॉड’ आला आणि हे तंत्र घरोघरच्या वादकांपर्यंत पोहोचले. २०१३च्या डिसेंबरात ‘मेटालिका’ने अंटार्क्टिकात कार्यक्रम केला. तिथल्या निसर्गाला आवाजाचा त्रास नको म्हणून मंचावर एकही नेहमीचा ॲम्प वाजला नाही. डिजिटल यंत्रांतून निघालेले संगीत श्रोत्यांनी हेडफोन लावून ऐकले.

एक वादक, तीन जागा

चंदीगडचा सेक्टर १७ घ्या. ले कॉर्बुझिए यांच्या आराखड्यातला हा बाजार, त्याचा मधला प्लाझा पायी फिरणाऱ्यांसाठी मोकळा. समजा, परवानगी घेऊन एखाद्या तरुणीला तिथे संध्याकाळी गिटार वाजवायची आहे. फेंडरचा नळ्यांचा ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारे २९ किलोचा, शिवाय त्याला विजेचे सॉकेट हवे. रोलँडचा छोटा ‘क्यूब स्ट्रीट’ मात्र सहा पेन्सिल सेलवर चालतो. इथे चिप जिंकते.

तीच तरुणी ड्रमवाल्या बँडसोबत मोठ्या मंचावर उभी राहिली, की पाठीवर आदळणारा नळ्यांच्या ॲम्पचा धक्का तिला हवासा वाटेल. तार हलकी छेडली की स्वच्छ, जोरात छेडली की फाटका, असा बोटांना मिळणारा प्रतिसाद अनेक वादकांना नळ्यांमध्येच खरा वाटतो. इतर वाद्यांसोबतच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र दोन्हींतला फरक ओळखणे जाणकारांनाही जड जाते. म्हणजे हा फरक ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याला जास्त जाणवतो.

आणि तिसरी जागा, रात्री अकरा वाजता तिची फ्लॅटमधली खोली. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. इथे हेडफोन लावता येणारा डिजिटल ॲम्पच शेजाऱ्यांशी बोलणे चालू ठेवतो.

खरेदीपूर्वी एवढे पाहा

• शिकाऊ मुलांसाठी हेडफोनची सोय असलेला छोटा मॉडेलिंग ॲम्प पुरेसा आहे. शेकडो आवाज असलेला घेतला, तर मुले रियाजापेक्षा बटणांतच रमतात.

• दुकानात मुलाला एकच धून दोन्ही ॲम्पवर वाजवायला सांगा. तुम्ही पाठ फिरवून ऐका. किंमत नंतर विचारा.

• नळ्या झिजतात, बदलाव्या लागतात, पण चांगला कारागीर मिळाला तर असा ॲम्प पन्नास वर्षेही चालतो. डिजिटल ॲम्पला देखभाल कमी, पण तो मोबाइलसारखा लवकर जुना होतो.

• नळ्यांचा ॲम्प घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विद्युतदाब साठलेला असू शकतो.

ॲम्प कोणता चांगला, हे विचारण्याआधी तो कुठे वाजणार आहे, ते ठरवा. मूल ज्या ॲम्पवर रोज अर्धा तास बसेल आणि ज्यामुळे घरात भांडण होणार नाही, तोच सध्या तुमच्यासाठी योग्य. मोठा मंच मिळेल तेव्हा नळ्यांचा विचार करता येईलच.